वर गेलेली रेघ

शून्य टक्के

"वर गेलंय, सर," अंकुश म्हणाला.

पडद्यावर त्याच्या नमुन्याचा आलेख होता. तीस केल्विन, पंचवीस, वीस. तापमान उतरत होतं आणि रेघ आडवी, सरळ, कंटाळवाणी चालली होती. चौदाला ती वळली होती. पण वळून खाली जायच्या ऐवजी वर गेली होती.

खांबेटे सरांनी चहाचा कप खाली ठेवला. "वाघमोडे, सुपरकंडक्टर चुंबकीय क्षेत्राचं काय करतो?"

"बाहेर ढकलतो, सर."

"मग आकडा अधिक येईल की उणे?"

"उणे."

"म्हणजे रेघ कुठे जाईल?"

"खाली."

"तुझी कुठे गेली?"

"वर. पण सर, चौदालाच वळली. शेजारचे नमुने बघता तिथंच वळायला पाहिजे होती."

"म्हणजे बस चुकीच्या गावाला गेली, पण वेळेवर गेली म्हणतोस."

आम्ही हसलो. शुक्रवारच्या बैठकीत सरांनी विनोद केला की हसायचं असतं, हे आमच्या गटात सगळ्यांना ठाऊक होतं. मी जरा जास्तच हसले. अंकुशचा तो साडेचार टक्के कोबाल्टचा नमुना माझ्या प्रबंधाच्या वाटेत उभा होता.

पंधरा वर्षं झाली या गोष्टीला. बेरियम, लोखंड आणि आर्सेनिकचा एक स्फटिक असतो. काळा, चकचकीत, अभ्रकासारखे पापुद्रे निघणारा. थंड करत नेला की त्यातले लोखंडाचे अणू एकाआड एक तोंडं फिरवून बसतात. ते त्याचं चुंबकत्व. त्यात थोडं कोबाल्ट मिसळलं की चुंबकत्व दुबळं होतं, आणखी मिसळलं की जातं, आणि त्याच्या जागी वीज विनाअडथळा वाहायला लागते. ती अतिवाहकता, म्हणजेच सुपरकंडक्टिव्हिटी. आडव्या अक्षावर कोबाल्टचे टक्के, उभ्या अक्षावर तापमान, आणि कुठे कोणाचं राज्य ते दाखवणारा नकाशा. तो नकाशा म्हणजे माझा प्रबंध. शून्य, दोन आणि साडेतीन टक्क्यांना चुंबकत्व. सहा आणि आठला अतिवाहकता, बाराला ती मरणपंथाला लागलेली. साडेतीन आणि सहाच्या मध्ये एक उभी रेघ. अलीकडचं पलीकडे जात नाही, पलीकडचं अलीकडे येत नाही.

ती उभी रेघ सरांची लाडकी होती. तिच्यावर त्यांनी तीन परिषदांत भाषणं दिली होती.

साडेचारच्या स्फटिकात चुंबकत्व आहे, हे अंकुशनं आधीच दाखवलं होतं. तोच स्फटिक चौदाला अतिवाहक ठरला असता तर दोन्ही एका जागी सापडली असती, आणि रेघ पुसावी लागली असती.

दोन टक्के

अंकुश वाघमोडे आटपाडीचा. गटात आला त्या आठवड्यात त्यानं सगळ्यांसमोर मला विचारलं, "ताई, सोमल कुठं ठेवतात?"

"काय कुठं?"

"सोमल. आर्सेनिक हो. आमच्याकडं सोमलच म्हणतात."

सर मागून म्हणाले, "इथे तो शब्द काढू नकोस रे. सुरक्षा अधिकाऱ्याला वाटेल, सासूला घालायला आणलंय."

तेव्हापासून त्याचं नावच सोमल पडलं. मीही म्हणायचे, "सोमल, भट्टी रिकामी आहे का?" तो "आहे, ताई," म्हणायचा. चिडायचा नाही. निदान दाखवायचा नाही.

स्फटिक वाढवायला सगळं साहित्य क्वार्ट्झच्या नळीत घालून, आतली हवा ओढून, ज्योतीवर तिचं तोंड वितळवून बंद करावं लागतं. त्यात केसभर फट राहिली तर नळी भट्टीत फुटते आणि विष खोलीभर होतं. माझ्या पाचातली एक नळी गळायची. त्याची दोन वर्षांत एकही नाही. ज्योतीसमोर तो नळी अशी फिरवायचा की काच स्वतःहूनच मिटतेय असं वाटावं. माझ्या नकाशावरच्या सहापैकी चार ठिपक्यांचे स्फटिक त्याच्या हातचे होते.

साडेचारचा तर त्याचा स्वतःचा. बैठकीच्या आदल्या दिवशी तो स्क्विडवर मोजायला घेऊन गेला होता. स्क्विड म्हणजे चुंबकत्व मोजायचं आमचं यंत्र. एवढं नाजूक यंत्र, पण नमुना आत सोडायचा तो साध्या स्ट्रॉमधून, नारळपाणीवाल्याकडे मिळते तशा. औषधाच्या पारदर्शक कुपीत स्फटिक, कुपी स्ट्रॉमध्ये. अंकुश स्ट्रॉ कापत होता तेव्हा मी दारातून विचारलं, "काय निघेल वाटतं?"

"दोघं नांदत असतील, ताई."

"कोण दोघं?"

"चुंबकत्व आणि ती. एका घरात."

साडेतीन टक्के

हाच शब्द त्यानं बैठकीतही वापरला. "सर, मला वाटतं, दोघं नांदतायत."

"नांदतायत! वऱ्हाड कुठे उतरवलंयस?" सरांनी हशा ओसरू दिला. मग आवाज बदलला. "हे बघ. तुझ्या नळीत मोकळं लोखंड राहिलंय. कण असेल एखादा. तो चुंबक आहे म्हणून रेघ वर जाते. घाण आहे ही, दुसरं काही नाही."

"पण सर, मोकळं लोखंड तर या खोलीतल्या तापमानालाही चुंबकच असतं. ते चौदालाच कसं जागं होईल?"

"मग लोखंडाचं दुसरं काही संयुग असेल."

"कोणतं, सर?"

सरांना 'कोणतं' असं कोणी विचारत नसे.

"मृदुला," सर माझ्याकडे वळले, "तुझं काय मत?"

"घाणच वाटते, सर," मी म्हणाले.

त्या क्षणी मी खोटं बोलत नव्हते. हे मला नीट लिहून ठेवायचं आहे, कारण यापुढे तसं म्हणता येणार नाही.

सरांनी खुर्ची मागे सारली. "वीस तारखेला तुझी दोन वर्षांची समिती आहे. त्यांच्यापुढे काय ठेवणार? ही वर जाणारी रेघ? बाहेरचा माणूस विचारेल, खांबेट्यांच्या लॅबमध्ये भांडी धूत नाहीत का. भट्टीच्या खोलीची किल्ली दे इकडे."

अंकुशनं खिशातून किल्ली काढली. तिला लाल लोकरीचा गोंडा होता. तो आधी सोडवायला लागला, गाठ सुटेना, मग गोंड्यासकटच दिली.

सहा टक्के

त्याच दुपारी मी स्क्विडमध्ये शिशाचा तुकडा लावला. माझ्या प्रबंधातल्या एका आकृतीसाठी यंत्र बरोबर चालतंय याचा पुरावा हवा होता. शिसं हा सगळ्यांत सभ्य अतिवाहक. सात केल्विनला वळतो आणि खाली जातो. कधी हट्ट नाही, कधी आश्चर्य नाही.

शिसं वर गेलं.

मी पडद्याकडे बघत बसले. शिशात लोखंडाची घाण नव्हती. शिसं अंकुशनं वाढवलेलं नव्हतं. मग मला बुधवार आठवला.

बुधवारी मी यंत्राचा चुंबक सात टेस्लापर्यंत नेला होता. एवढं मोठं क्षेत्र वापरलं की नंतर ते थेट शून्यावर आणायचं नसतं. झोके देत आणायचं. अधिक, मग उणे, मग थोडं कमी अधिक, थोडं कमी उणे, झोपाळा थांबावा तसं. नाही आणलं तर चुंबकाच्या तारेत उलट्या दिशेचं थोडं क्षेत्र अडकून राहतं. पडद्यावर शून्य दिसतं, आत शून्य नसतं. या झोक्यांना वीस-पंचवीस मिनिटं लागतात. बुधवारी चार वाजता जर्मनीहून माझ्या मुलाखतीचा फोन येणार होता. मी चुंबक सरळ शून्यावर उतरवला आणि खाली पळाले.

गुरुवारी अंकुशनं यंत्रात अधिक दहा ओर्स्टेडचं बारीक क्षेत्र लावलं. आत उणे वीस अडकलेलं होतं. त्याच्या स्फटिकाला मिळालं ते उणे दहा. त्यानं ते इमानेइतबारे बाहेर ढकललं. आणि उण्याला बाहेर ढकललं की आकडा अधिक येतो.

रेघ वर गेली होती कारण स्फटिक अतिवाहक होता.

मी चुंबकाला झोके दिले. पूर्ण पंचवीस मिनिटं, घड्याळ लावून. शिसं परत मोजलं. खाली गेलं. यंत्र सरळ झालं होतं. आता कोणीही काहीही मोजलं तरी खरंच येणार होतं.

आठ टक्के

यंत्राची वही, पान ११२.

बुधवार. नमुना: सहा टक्के. कमाल क्षेत्र: सात टेस्ला. झोके देऊन शून्य केले का: हो. सही: मृ. सबनीस.

गुरुवार. नमुना: साडेचार टक्के. कमाल क्षेत्र: दहा ओर्स्टेड. झोके देऊन शून्य केले का: गरज नाही. सही: अं. वाघमोडे.

शुक्रवार. नमुना: शिसे. कमाल क्षेत्र: दहा ओर्स्टेड. झोके देऊन शून्य केले का: हो. सही: मृ. सबनीस. शेरा:

शेऱ्यापुढे काही नाही. पहिलं 'हो' खोटं आहे, दुसरं खरं. अक्षर सारखंच.

बारा टक्के

समितीनं वीस तारखेला 'असमाधानकारक' लिहिलं. अंकुश महिनाअखेरीस लॅब सोडून गेला. माझा प्रबंध वेळेत गेला, जर्मनीचं पत्र आलं, शोधनिबंध छापून आला. नकाशात साडेतीन आणि सहाच्या मध्ये सरांची उभी रेघ, काळी, ठसठशीत. खाली बारीक अक्षरात एक वाक्य: मधल्या टप्प्यातला नमुना अशुद्ध असल्याने वगळला आहे. ते वाक्य माझं.

आठ महिन्यांनी बाहेरच्या दोन गटांनी साडेचार-पाच टक्क्यांचे स्फटिक मोजले. दोन्ही गोष्टी एकत्र, एकाच स्फटिकात. आता तो नकाशा पाठ्यपुस्तकात असतो, दोन राज्यं एकमेकांच्या हद्दीत शिरलेली. आमचा शोधनिबंध अजून उद्धृत होतो, पण एकाच वाक्यात: सुरुवातीच्या काही गटांकडे चांगले स्फटिक नव्हते.

सरांनी मला फोन केला होता तेव्हा. "आपला घात त्या वाघमोडेच्या स्फटिकांनी केला."

"हो, सर," मी म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात मला एका तपासणी समितीवर घेतलं. विट्याच्या पुढचं एक कॉलेज. भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख दारात उभे होते. केस पिकलेले, चष्मा दोरीला अडकवलेला.

"या, मॅडम," अंकुश म्हणाला.

प्रयोगशाळेत मुली दोलक मोजत होत्या, मुलं गॅल्व्हानोमीटर जोडत होती. फळ्यावर वर कोपऱ्यात, रोज पुसलं न जाणारं असं लिहिलेलं होतं: आधी रिकामं मोजा.

"हे काय गं?" मी एका मुलीला विचारलं.

"सर आधी काहीच न ठेवता मोजायला लावतात, मॅडम. आणि ते वहीत लिहायचं. त्याला मार्क नाहीत. पण नाही लिहिलं तर घरी पाठवतात."

"आणि खोटं लिहिलं तर?"

मुलगी अंकुशकडे बघून हसली. "ते त्यांना कळतं, मॅडम. कसं कळतं काय माहीत."

समितीतले बाकीचे ग्रंथालय बघायला गेले. आम्ही त्याच्या खोलीत बसलो. शिपायानं चहा आणला.

"अंकुश, तो साडेचारचा नमुना..."

"साखर चालते ना, मॅडम?"

"चालते. त्या नमुन्यात घाण नव्हती, अंकुश."

"माहीत आहे."

"आता सगळ्यांनाच माहीत आहे. पण तेव्हा..."

"तेव्हाच." त्यानं कप माझ्यापुढे सरकवला. "बैठक झाली त्याच दिवशी मी आलेख बाजूला ठेवून नुसते आकडे वाचले. पंचवीसला, वीसला, जिथं काहीच सुरू झालेलं नसतं, तिथंही आकडा उणे होता. बारीक, पण उणे. लोखंड भरलेला दगड उणे कसा दाखवेल, मॅडम? क्षेत्रच उलटं असल्याशिवाय? मग वही उघडली. आदल्या दिवशी सात टेस्ला. सही तुमची."

"वहीत झोके दिल्याचं..."

"हो. तसं लिहिलेलं होतं."

बाहेर कोणीतरी घंटा दिली.

"मग बोलला का नाहीस? सरांना दाखवायचं होतंस. समितीपुढे ठेवायचं होतंस."

"ते आकडे दाखवायचे तर ती सही पण दाखवावी लागली असती. तुमचा प्रबंध तीन आठवड्यांवर आलेला. म्हटलं, ज्यांचं आहे ते सांगतील. सवड देऊ. म्हणून तर आलो होतो की."

"कुठे?"

"तुमच्याकडं. सोमवारी. स्क्विडच्या खोलीत. आठवत नाही?"

मला आठवत होतं.

"तुला राग नाही आला?"

"आला की. बरीच वर्षं होता. मग पोरं आली, प्रॅक्टिकलं आली. आता रोज नाही आठवत." तो उठला, दार उघडून धरलं. "चला, तुमची माणसं येतील. अहवालात आमच्या प्रयोगशाळेला शेरा मात्र चांगला द्या, मॅडम. तेवढा खरा लिहिता येईल."

साडेचार टक्के

सोमवार, दुपारचे अडीच. स्क्विडच्या खोलीत मी एकटी होते. यंत्राचं वेळापत्रक माझ्याकडे असायचं, माझ्या होकाराशिवाय कोणी काही लावत नसे.

अंकुश आला. एका हातात कुपी, तिच्यात काळी टिकली चमकत होती. दुसऱ्या हातात स्ट्रॉ, मापानं कापून तयार.

"ताई, परत एकदा मोजू या का? तासाभराचं काम आहे."

"सरांनी सांगितलंय ना, घाण आहे म्हणून?"

"सांगितलंय. तरी एकदा. तुम्हीच लावा. मी हात पण लावत नाही." तो माझ्याकडे बघत नव्हता, यंत्राकडे बघत होता. "तुम्ही लावलं म्हणजे काय चुकलं असलं तर तुम्हालाच दिसंल. मी बाहेर बसतो. वहीत काय लिहायचं ते तुमचं तुम्ही लिहा. मी फक्त आलेख घेऊन जाईन समितीला. बाकी कुणाला काय सांगायचं नाही."

मला तेव्हा तो नम्रपणा वाटला. खेड्यातून आलेल्या मुलाचा, ज्याची किल्ली काढून घेतली आहे अशाचा.

यंत्र तयार होतं. शुक्रवारपासून त्याला कोणी हात लावला नव्हता. शून्य म्हणजे खरोखर शून्य होतं. कुपी स्ट्रॉमध्ये सरकवायची, स्ट्रॉ आत सोडायची, साडेतीन वाजेपर्यंत रेघ खाली.

"हेलियम संपलंय," मी म्हणाले. "गुरुवारशिवाय येणार नाही."

यंत्र थंड ठेवणाऱ्या हेलियमची पातळी दाखवणारा लाल आकडा माझ्या पाठीमागच्या भिंतीवर असतो. खोलीत येताना मी तो पाहिला होता. बासष्ट टक्के. अंकुश माझ्यासमोर उभा होता. त्यानं माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. दोन आकडे वाचायला लागतो तेवढाच वेळ, जास्त नाही.

"बरं, ताई," तो म्हणाला.

कुपी त्यानं माझ्या टेबलावर ठेवली, स्ट्रॉ तिच्याशेजारी.

"आलं की लावा."

जाताना त्यानं दार हळू लावलं. स्क्विडच्या खोलीचं दार आपटायचं नसतं. आकडे हलतात.